कांद्यावर बोला

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की एक उपदेश दर वेळी ठरल्यासारखा फिरतो. ही देशाची निवडणूक आहे, गल्लीची नाही. मत देताना नळ, गटार, रस्ता, शेतमालाचा भाव असल्या किरकोळ गोष्टी बाजूला ठेवा आणि देशाचा विचार करा. १६ मार्च २०२४ ला निवडणूक आयोगाने वेळापत्रक जाहीर केलं, त्याच संध्याकाळी हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली तिरंगा आणि जोडलेले हात. दुपारी याच ग्रुपवर टँकर वेळेवर आला नाही म्हणून कडाक्याचं भांडण झालं होतं.

त्याच आठवड्यात, १४ मार्चला, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने ‘एक देश, एक निवडणूक’ या विषयावरचा १८,६२६ पानांचा अहवाल राष्ट्रपतींना सादर केला. लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी घ्या, म्हणजे सतत कुठे ना कुठे निवडणूक असल्याने कारभार खोळंबतो हे दुखणं संपेल, असा त्याचा गाभा. उपदेश आणि अहवाल या दोन्हींच्या मागे समज एकच आहे, की मतदाराचं रोजचं गाऱ्हाणं म्हणजे राज्यकारभारातला व्यत्यय. मला हे पटत नाही. निवडणुकीआधीच्या त्या नऊ आठवड्यांत महाराष्ट्रातल्या लोकांना कशाची आशा होती आणि कशाचा घोर लागला होता, हे नीट पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. लोक बोलत होते ते देशाच्या धोरणाबद्दलच. ते ऐकून घ्यायला दिल्लीला सवड झाली ती मात्र मतदान तोंडावर आलं तेव्हा.

कांदा घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. तेवढ्याने भाव आटोक्यात येईना म्हणून ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली, ३१ मार्चपर्यंत. त्या दिवसांत बाजारात येतो तो लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे दार लागलं तेव्हा शेतकऱ्याला थांबायची सोयच नव्हती. लासलगावला क्विंटलमागे चार हजारांच्या आसपास गेलेला भाव बघता बघता दीड हजारांच्या घरात आला. तरी लोकांनी ३१ मार्च ही तारीख मनात धरली होती, कारण त्याच सुमारास उन्हाळ कांदा निघतो. हा टिकाऊ, साठवणुकीच्या चाळीत नीट भरला तर पावसाळा काढतो. बंदी उठली की भाव येईल, मग थोडा विकू, थोडा भरून ठेवू, असा हिशेब होता. २२ मार्चला, आचारसंहिता लागून आठवडाही झाला नव्हता, अधिसूचना निघाली: बंदी पुढील आदेशापर्यंत कायम.

एप्रिलमध्ये निफाड तालुक्यातल्या एका बाजार आवारात सकाळचा लिलाव पाहत होतो. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो. कुणी चार कांदे उचलून हातात फिरवतो, कुणी एखादा अंगठ्याने दाबून बघतो, बोली लागते, आकडा पुकारला जातो, चिठ्ठी हातात पडते. मिनिटभराचं काम. चार महिन्यांचं पीक, त्याआधी रोपं टाकण्यापासूनची धावपळ, लागवडीची आणि काढणीची मजुरी, सगळ्याचा निकाल त्या मिनिटात लागतो. पन्नाशीतला एक शेतकरी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवत होता. गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, तर त्याहून कमी भाव मिळाला होता. ‘दादा, मग यंदा मत कुणाला?’ मी विचारलं. तो हसला. म्हणाला, ‘ते राहू द्या. मला एवढंच सांगा, भाव पडतो तेव्हा सरकार म्हणतं हा बाजार आहे, आम्ही काय करणार? मग चढतो तेव्हा तो बाजार नसतो का?’

अर्थशास्त्राच्या वर्गात तासभर चालेल असा हा प्रश्न आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा आणि उत्पादकाला रास्त भाव या दोन आशा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत महिन्याचा किराणा बसवणाऱ्या बाईला कांदा साठ रुपये झालेला परवडत नाही. १९९८ साली दिल्ली राज्याची सत्ता कांद्याने घालवली, हे दिल्लीकर राज्यकर्त्यांनी कायमचं गाठीला बांधलं आहे आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार, कोणत्याही पक्षाचं, गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकतं. झुकावं की नाही, किती झुकावं, त्याची किंमत कुणी मोजावी, हे ठरवणं म्हणजेच राजकारण. हा निर्णय निफाडच्या ग्रामसभेत होत नाही, जिल्हाधिकाऱ्याच्या हातात नाही, राज्य सरकारच्याही नाही. तो होतो दिल्लीत, वाणिज्य मंत्रालयाच्या अधिसूचनेने. मग लोकसभेला कांद्यावर मत द्यायचं नाही तर केव्हा द्यायचं?

पुढच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. २५ एप्रिलला गुजरातमधल्या २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यात भडका उडाला: तिकडचा कांदा जातो, आमचा का नाही? दोनच दिवसांनी केंद्राने सांगितलं की सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला मुभा आहे. लोकांनी आकडा उलगडून पाहिला तर त्यातल्या बऱ्याचशा आधीच दिलेल्या परवानग्या निघाल्या. मग ४ मे. राज्यातल्या तिसऱ्या टप्प्याच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना बंदी उठली. अर्थात टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, म्हणजे दार उघडलं पण उंबरठा छातीइतका. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तेव्हा भाषण चालू असताना गर्दीतल्या एका तरुणाने ओरडून सांगितलं, ‘कांद्यावर बोला!’ त्या वेळी महाराष्ट्रात झालेल्या सगळ्या भाषणांतून मला लक्षात राहिलेलं सर्वांत मुद्देसूद वाक्य हेच. २० मेच्या मतदानात कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीत भाजपच्या उमेदवार, केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार, लाखाहून जास्त मतांनी पडल्या.

आता पुण्याच्या पेठांकडे येऊ. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये परभणी, हिंगोली, बीड, यवतमाळकडची हजारो मुलं-मुली बसलेली असतात. महिन्याचं खुर्चीभाडं, मेसचा डबा, कॉट बेसिसवरची जागा. घरून पैसे येतात ते सोयाबीन विकून, आणि सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,६०० रुपये असताना बाजारात तेवढेही मिळत नव्हते. या मुलांच्या आशेबद्दल फार रम्य लिहिलं जातं, कलेक्टर व्हायची स्वप्नं वगैरे. त्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांची आशा त्याहून कितीतरी साधी होती. परीक्षा ठरल्या दिवशी व्हावी. राज्यसेवेची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होती. फेब्रुवारीत विशेष अधिवेशनात मराठा समाजाला दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला, त्यानुसार जागांचा हिशेब नव्याने मांडायचा म्हणून लोकसेवा आयोगाने मार्चमध्ये ती पुढे ढकलली. ती शेवटी झाली १ डिसेंबरला. सात महिने. या सात महिन्यांचं खुर्चीभाडं कुणी भरलं, हे कोणत्याही जाहीरनाम्यात येत नाही.

त्याआधीच्या तलाठी भरतीचं कवित्व तर अजून संपलेलं नव्हतं. साडेचार हजारांहून थोडी जास्त पदं, दहा लाखांवर अर्ज, खुल्या गटाला एक हजार आणि राखीव गटाला नऊशे रुपये शुल्क. जानेवारीत गुणांची यादी लागली तेव्हा दोनशे गुणांच्या परीक्षेत काहींना दोनशेच्या वर गुण दिसले. अनेक सत्रांत परीक्षा झाली की गुणांचं सामान्यीकरण करतात, त्याचा तो परिणाम, असा खुलासा झाला. खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण ज्याने शेतावर उसनवारी करून फॉर्म भरला, त्याला २०० पैकी २१४ पाहून काय वाटलं असेल याचा विचार खुलासा लिहिणाऱ्याने केला नव्हता. त्या एप्रिलमध्ये सीएसडीएस-लोकनीती या संशोधन संस्थेने देशभर केलेल्या पाहणीत मतदारांनी सर्वांत मोठा प्रश्न म्हणून बेरोजगारी (२७ टक्के) आणि महागाई (२३ टक्के) यांची नावं घेतली, आणि १०० पैकी ६२ जणांनी नोकरी मिळणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय असं सांगितलं. पेठांमध्ये फिरणाऱ्याला हे सांगायला पाहणी लागली नसती.

यातल्या बहुतेकांचं नाव मतदारयादीत गावाकडे. परभणी-हिंगोलीचं मतदान २६ एप्रिलला. एसटीचं जाण्या-येण्याचं तिकीट, दोन दिवस अभ्यास बुडणार, वर मेसचे पैसे कापलेच जाणार. कितीजण गेले असतील? परगावी असलेल्याला तिथूनच मतदान करता यावं म्हणून निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबर अखेरीस एका यंत्राचा आराखडा पुढे आणला होता, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळणारा. पक्षांचं एकमत झालं नाही आणि ते तिथेच राहिलं. मतदान वाढावं म्हणून सेलिब्रिटींना घेऊन जाहिराती करणाऱ्यांनी या एका गोष्टीचा पाठपुरावा केला असता तरी खूप झालं असतं. ऊसतोड कामगार, बांधकामावरचे मजूर, गडचिरोलीतून तेलंगणात मिरची तोडायला जाणारी माणसं, यांचा तर कुणी उल्लेखही करत नाही.

‘देशाचा विचार करा’ असं सांगणाऱ्यांना विदर्भाने त्या एप्रिलमध्ये वेगळंच उत्तर दिलं. भाजपचा जाहीरनामा आला १४ एप्रिलला. नागपूर, रामटेक, चंद्रपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर यांचं मतदान १९ एप्रिलला. मधे पाच दिवस. म्हणजे पूर्व विदर्भातल्या मतदाराने सत्ताधारी पक्षाचं वचन वाचून, समजून, पारखून घ्यायचं ते पाच दिवसांत. ते कुणी केलं नाही, आणि करायची गरजही नव्हती, कारण १४ एप्रिल ही तिथे जाहीरनाम्याची तारीखच नव्हे. ती आंबेडकर जयंती. त्या वर्षी जयंतीच्या मंडपात, मिरवणुकीत, वस्तीतल्या बुद्धविहारात एकच चर्चा होती: सत्ताधाऱ्यांना चारशे जागा कशाला हव्यात? कर्नाटकातल्या एका भाजप खासदाराने मार्चमध्येच राज्यघटना बदलायला तेवढं बहुमत लागेल असं जाहीर बोलून ठेवलं होतं. पक्षाने हात झटकले, विरोधकांनी ते वाक्य उचलून धरलं, आणि निकालानंतर ‘फेक नरेटिव्ह’ हा शब्दप्रयोग मराठी राजकारणात कायमचा शिरला.

विरोधकांनी भीतीला फुंकर घातली, यात शंका नाही. पण फुंकर घालायला निखारा आधी असावा लागतो. घटनेमुळे ज्यांच्या घरात पहिली पदवी आली, पहिली सरकारी नोकरी आली, त्यांनी घटनेबद्दलचं बेसावध वाक्य गंभीरपणे घेतलं तर त्याला बनाव कसं म्हणणार? झोपडपट्टीतला, बिगारकाम करणारा माणूस नळ-रस्ता बाजूला ठेवून राज्यघटनेवर मत देत होता. ज्याला आपण ‘देशाचा विचार’ म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? आणि त्याने तो केला तेव्हा आपण त्याला भोळा ठरवून मोकळे झालो.

जातीचं काय, असं कुणीही विचारेल, आणि विचारलंच पाहिजे. बीड आणि जालन्यात त्या उन्हाळ्यात माणसं जातीवर मोजली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, तिथून मराठा-ओबीसी तेढ गावागावांत उतरली. वर्षानुवर्षं एकाच कट्ट्यावर बसणारे लोक वेगळे बसू लागले. बीडचा निकाल साडेसहा हजार मतांच्या फरकाने लागला आणि त्यानंतरही तिथली गावं सावरली नाहीत. हे मला लोकशाहीचं वैभव वगैरे वाटत नाही. पण आरक्षणाच्या आंदोलनाच्या मुळाशीही पुन्हा तीच दोन दुखणी आहेत, कोरडवाहू शेती पुरत नाही आणि नोकरी मिळत नाही. ती दोन्ही वर्षानुवर्षं कुणी ऐकली नाहीत म्हणून ती जातीच्या भाषेत ओरडून सांगितली गेली. दोष ओरडणाऱ्याचा आहेच, पण न ऐकणाऱ्याचा त्याआधीचा आहे.

या सगळ्यात एक गोष्ट महाराष्ट्रापुरती खास होती आणि तिच्याकडे दिल्लीहून आलेल्या पत्रकारांचं लक्ष गेलं नाही. मतदाराला गाऱ्हाणं सांगायला दुसरी जागाच उरली नव्हती. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुण्याचीही. बहुतेक जिल्हा परिषदांचं तेच. ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचा घोळ. महाविकास आघाडीने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारने ते पुन्हा २२७ केले. प्रत्येकाला कोर्टाचं कारण सोयीचं पडलं. लोकसभेच्या वेळी दोन वर्षं उलटून गेली होती आणि शहरांचा कारभार प्रशासक पाहत होते. प्रशासक वाईटच असतो असं नाही. पण गटार तुंबलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही, आणि पुढच्या वेळी त्याला पाडताही येत नाही. नगरसेवक कितीही टक्केवारीतला असो, तो वाढदिवसाच्या बॅनरवर असतो, त्याचं कार्यालय कुठे आहे ते कामवाल्या मावशींना ठाऊक असतं.

आता मतदाराच्या जागी उभं राहून बघा. नळाला दिवसाआड पाणी, रस्ता खोदलेला, घरपट्टी वाढलेली, मुलाची परीक्षा पुढे ढकललेली, गावच्या शेतातल्या कांद्याला भाव नाही. पूर्वी या गाऱ्हाण्यांना तीन-चार वेगवेगळी मतपत्रं होती. महापालिकेला एक, जिल्हा परिषदेला एक, विधानसभेला एक, लोकसभेला एक. २०२४ च्या मेमध्ये त्याच्या हातात बटण एकच. त्यात त्याने सगळं कोंबलं. मग आपण तक्रार करतो की हा लोकसभेला गटारावर मत देतो! गटाराची निवडणूक कुणी थांबवली होती?

बारामतीचं उदाहरण यासाठीच फार बोलकं आहे. सगळ्या वाहिन्यांना तिथे पवार घराण्यातल्या नणंद-भावजय, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, दिसत होत्या. कोण कुणाच्या पाया पडलं, कोण कुणाशी बोललं नाही, काकींनी काय म्हटलं. सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बारामती आणि पुरंदर हे दोन्ही होते. कालव्याखालची बारामती ऊस पिकवते आणि तिच्याच जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहतात, हे त्या तालुक्यात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पन्नास वर्षं ज्या घराण्याने राज्याच्या राजकारणाला पाणी पाजलं त्याच्याच घरच्या तालुक्यात निम्म्या गावांना पाणी का नाही, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच अडचणीचा. म्हणून दोन्ही बाजूंनी भावनेवर भर दिला आणि कॅमेऱ्यांनी त्यांना साथ दिली.

काळजीचा आणखी एक प्रकार त्या निवडणुकीत मी प्रथमच इतक्या उघडपणे ऐकला. लोक म्हणायचे, ‘मत देऊ हो, पण ते राहील कुठे?’ २०१९ ला युतीला दिलेलं मत आघाडीच्या सरकारात गेलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. चिन्हं आयोगाने वाटली: धनुष्यबाण एकीकडे, मशाल दुसरीकडे, घड्याळ एकीकडे, तुतारी वाजवणारा माणूस दुसरीकडे. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. २००३ मध्ये तो कडक करताना एक तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली आणि दोन तृतीयांश विलीनीकरणाची शिल्लक ठेवली, म्हणजे किरकोळ फुटीला मनाई आणि घाऊक फुटीला मोकळीक. अपात्रतेचा निवाडा करणार विधानसभेचे अध्यक्ष, जे स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी वाजवी वेळेत निर्णय घ्या म्हणून सांगितलं. शिवसेनेचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, आणि अपात्र कुणीच ठरलं नाही. दोन्ही गटांचं कुणीच नाही. फूट तर सगळ्या राज्याने पाहिली, पण कायद्याच्या लेखी कुणी फुटलंच नव्हतं.

शिवाय चिन्हांचा गोंधळ. अपक्षांसाठीच्या चिन्हांत ‘ट्रम्पेट’ होतं आणि त्याचं मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असं दिलेलं. साताऱ्यात त्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, निकालाचा फरक होता पावणेतेहेतीस हजारांचा. दिंडोरीत तर तसल्याच उमेदवाराला लाखाच्या वर. ज्या आजींनी आयुष्यभर घड्याळाला मत दिलं आणि या वेळी नातवाने ‘तुतारी’ एवढंच सांगून पाठवलं, त्यांचं मत कुठे गेलं याचा पत्ता त्यांना कधीच लागणार नाही. सुरतेत तर अर्ज बाद आणि माघार यांतून एकच उमेदवार उरला आणि मतदान झालंच नाही. नोटाला उभं राहायची सोय कायद्यात नाही.

मुंबईचं २० मेचं मतदान हे वेगळ्या लेखाचं प्रकरण आहे. उन्हात रांगा, संथ यंत्रणा, यादीतून गायब नावं, आणि केंद्राच्या दारात गेल्यावर ‘मोबाइल आत नेता येणार नाही’. मग ठेवायचा कुठे? कुणी पानवाल्याकडे ठेवला, कुणी रांगेतल्या अनोळखी माणसाच्या हातात दिला, कुणी घरी गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी अग्रलेख आले की मुंबईकर उदासीन आहे.

आता निवडणुका कमी करण्याच्या मूळ मुद्द्याकडे येतो. जून २०२४ च्या निकालानंतर महायुतीच्या बड्या नेत्यांनी स्वतःच कबूल केलं की कांद्याने नाशिकमध्ये आणि सोयाबीन-कापसाने विदर्भ-मराठवाड्यात मार दिला. पुढे काय झालं? १३ सप्टेंबर २०२४. त्या एका दिवशी केंद्राने कांद्याचं ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य काढून टाकलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. त्याच दिवशी बासमती तांदळाची किमान निर्यात किंमत काढली. त्याच दिवशी सोयाबीनच्या शेतकऱ्यासाठी खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. हरियाणात बासमती पिकतो आणि तिथे ५ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. कांदा आणि सोयाबीन महाराष्ट्रात पिकतात आणि आपलं मतदान नोव्हेंबरात होतं. तीन पिकं, दोन राज्यं, एक तारीख. हे निर्णय चांगले की वाईट यावर मतभेद होऊ शकतात; शहरात तेल महाग झालंच. पण ते झाले कारण हरियाणाची निवडणूक तीन आठवड्यांवर आणि आपली दहाएक आठवड्यांवर होती. लोकसभा आणि विधानसभा मेमध्येच एकदम आटोपली असती तर सप्टेंबरात घाई कसली होती? पाच वर्षं निवांत होती की.

यावर उत्तर तयार असतं: यालाच तर रेवडी म्हणतात. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये जुलैपासून सुरू झाले आणि नोव्हेंबरात महायुतीला २३० जागा मिळाल्या. दिंडोरी लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा, येवला, निफाड, चांदवड, नांदगाव, कळवण आणि दिंडोरी, महायुतीकडे गेल्या. मेमध्ये जिथे लाखाने मार बसला तिथेच. ते खरं आहे, आणि ज्यांनी मेच्या निकालावरून लोकांनी सरकारला कायमचं नाकारलं असा अर्थ लावला त्यांचा अंदाज साफ चुकला. पण रेवडीचा आक्षेप घेताना आपण एक गंमत विसरतो. महामार्ग, मेट्रो, कंपन्यांना करसवलत यांना विकास म्हणायचं आणि बाईच्या खात्यात दीड हजार आले की तिला विकली गेली म्हणायचं. तिजोरीवरचा ताण खरा आहे, त्यावर भांडायलाच हवं. तो ताण टाळण्याचा मार्ग पाच वर्षांत एकदाच मत मागणं हा असेल तर मात्र त्या बाईने पाच वर्षांत एकदाच दार उघडावं, असं म्हणण्यासारखं झालं.

आचारसंहितेत कामं अडतात हेही मान्य. अडतात ती नवी उद्घाटनं, नव्या घोषणा. पगार, पेन्शन, टँकर, सुरू असलेली कामं थांबत नाहीत. आणि २२ मार्चला कांदाबंदी वाढवणारी अधिसूचना काढायला किंवा ४ मे रोजी बंदी उठवायला आचारसंहितेने कुणाला अडवलं नव्हतं. मुळात ज्या पक्षांना दर सहा महिन्यांनी निवडणूक जड जाते, त्यांनी पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांना प्रत्येक पोटनिवडणुकीत फिरवणं बंद करावं. निम्मा खर्च वाचेल.

कोविंद समितीने सुचवलंय की लोकसभा-विधानसभा एकत्र झाल्यावर शंभर दिवसांच्या आत महापालिका आणि पंचायतींच्या निवडणुका घ्याव्यात. त्यातल्या लोकसभा-विधानसभेच्या भागासाठी घटनादुरुस्तीचं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. वाचायला छान वाटतं. महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे हे घटनेच्या २४३-यू कलमात तीसेक वर्षांपासून लिहिलेलं आहे. पंचायतींसाठी २४३-ई मध्ये. तरी मुंबई-पुण्याच्या महापालिकांसाठी मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर. नव्या वेळापत्रकासाठी घटना बदलायला निघालेल्यांनी घटनेतलं जुनं वेळापत्रक का पाळलं नाही, हे आधी सांगावं.